गाव सोडून कोण गेलं, कोण आलं, कोण राहिलं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेलं हे भाषण. पावसामुळे ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



अध्यक्ष ताईंचा निरोप आला, "सभेत स्थलांतरावर बोल." मी म्हटलं, ताई, कर्जवसुलीवर बोलते, पंचसूत्रीवर बोलते, स्थलांतरावर मी काय बोलू? त्यांनी विचारलं, "तुझा नवरा कुठे असतो?" मी म्हटलं, नालासोपाऱ्याला. "आणि दीर?" दिव्याला. "मग बोल की," म्हणाल्या. म्हणून उभी राहिले आहे.

आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी स्थलांतर कोणी केलंय? हात वर करा बघू.

चार हात. आता दुसरा प्रश्न. जन्म एका गावात आणि संसार दुसऱ्या गावात, अशा किती जणी?

बघा! सगळा मंडप वर आला.

बायांनो, सरकारच्या भाषेत आपण सगळ्या स्थलांतरित आहोत. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त माणसं आधीचं ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला आलेली निघाली. त्यात दर तिघांमागे दोन बायका होत्या, आणि बायकांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. आपल्याला कोणी स्थलांतरित म्हणत नाही, सासुरवाशीण म्हणतात. पुरुष मुंबईला गेला की "नोकरीला गेला" म्हणतात. बाई डोक्यावर अक्षता घेऊन अख्खं आयुष्य उचलून दुसऱ्या गावात आली, तर ते "झालं लग्न" एवढंच. आल्या दिवसापासून ती शेतात राबते, पण तिच्या येण्याला काम म्हणत नाहीत. हे लक्षात ठेवा, शेवटी मी परत इथेच येणार आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा एक आकडा सांगते. तो तुम्ही भाषणांत ऐकला असेल. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात हजारामागे ९२९. टाळ्या पडतात या आकड्याला. "कोकणात मुलींना मान आहे बघा," असं म्हणतात. मीही टाळ्या वाजवल्यात.

मग एका प्रशिक्षणात आम्हांला दुसरा आकडा दाखवला. शून्य ते सहा वर्षांच्या लेकरांचा. त्यात आपल्याच जिल्ह्यात हजार मुलांमागे मुली साडेनऊशेसुद्धा नव्हत्या. म्हणजे जन्माला येताना मुली कमीच आहेत. मग मोठ्या झाल्यावर बायका जास्त कुठून झाल्या? बायका वाढल्या नाहीत, पुरुष निघून गेले. मुंबई शहराचा त्याच वर्षीचा आकडा बघा, हजार पुरुषांमागे ८३२ बायका. आपल्या वहीत जे कमी पडलं ते त्यांच्या वहीत जमा आहे. अर्थात तिथे सगळ्या देशातून माणसं येतात, पण त्यात आपल्या घरचेही आहेत. आपण बचत गटाच्या बाया, दोन वह्यांचा ताळा घालायला आपल्याला कोणी शिकवायला नको. तेव्हा ११२२ म्हणजे मान नव्हे. ती गैरहजेरी आहे.

आणखी एक बघा. देशाची लोकसंख्या वाढतेय असं आपण शाळेपासून ऐकलं. आपल्या जिल्ह्याची घटली. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार माणसं होती, २०११ साली १६ लाख १५ हजार. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी. शेजारच्या सिंधुदुर्गातही १९ हजारांनी घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर त्यातच होता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. विरार, नालासोपारा, दिवा, कल्याण, डोंबिवली ही नावं आपल्याला पाठ आहेत. आपल्या नातेवाइकांचे पत्तेच ते.

आणि आपल्या जिल्ह्यातला बायकांचा आकडासुद्धा खाली आलाय. २००१ साली हजारामागे ११३६ होत्या, २०११ साली ११२२. याचा अर्थ माझ्या परीने मी असा लावते, की आधी एकटा पुरुष जायचा, आता बायको-मुलं घेऊन जातो. गाव आधी बापयांविना राहिलं, आता लेकरांविना राहतंय. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीतल्या शाळेत दोन गुरुजी होते. आज पट एका हाताच्या बोटांवर मोजावा लागतो.

हे काल-परवाचं नाही. आपली जमीन म्हणजे उतार, कातळ आणि पावसावरचं एक पीक. त्यात खोताची वाटणी. खोती कायद्याने संपली ती १९४९ साली, तोवर भात घरात येऊन पुढच्या पावसापर्यंत पुरलं अशी घरं थोडीच. मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या, १८५४ पासूनची गोष्ट, आणि आपले पूर्वज बोटीत बसून परळ-लालबागला जायला लागले. गिरणगावात एकेका खोलीत एकाच गावचे वीस-वीस जण राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर.

त्यांना जेवू कोण घालायचं? बायाच. खानावळवाल्या. सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलायच्या, धान्य भरायच्या आणि महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट गावात यायच्या किती आधी, गाव सोडून गेलेल्यांच्या पोटासाठी राबणाऱ्या बाया एकमेकींच्या जिवावर बँकेच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. आपल्या गटांची आजी म्हणा हवं तर.

आता माझ्या घरचं सांगते. माझे सासरे गिरणीत होते. सासूबाईंचं लग्न १९६० साली झालं, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. सासरे वर्षातून दोनदा यायचे, मे महिन्यात आणि गणपतीला. सगळे दिवस धरले तर दीड महिना. सासूबाईंकडे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात मनीऑर्डरींची कुपनं. मनीऑर्डर आली की पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, सासूबाई अंगठा करायच्या आणि कुपनावर नवऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी पोस्टमनच वाचून दाखवायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचा आवाज मला पोस्टमनाचाच आठवतो गो." मी हसले आणि मग मला हसू आवरतं घ्यावं लागलं.

एका रात्री भाकऱ्या भाजता भाजता आम्ही दोघींनी हिशेब केला. गिरणी बंद पडेपर्यंत बावीस वर्षं, वर्षाला दीड महिना. तेहतीस महिने. बावीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको एका छपराखाली राहिले पुरती तीन वर्षंसुद्धा नाही. घरातली तिन्ही मुलं माघ-फाल्गुनातली. हसा, हसा, पण बोटं मोजा. मे महिन्यापासून मोजा. स्थलांतराचा लोकसंख्येवर परिणाम काय होतो, असं कोणी विचारलं तर आमच्या घरचे वाढदिवस दाखवायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. किती जण परत आले आपल्या गावांत, तुमच्या सासू-आज्यांना विचारा. माझे सासरे १९८३ ला परत आले ते कायमचे. सासूबाई सांगतात, घरात एक परका पुरुष आला असं वाटायचं. त्यांना भात लावता येईना, बैल ऐकेनात. बावीस वर्षं शेत सासूबाईंनी केलेलं. पण पडवीत पाहुणा आला की विचारायचा कोणाला? घरधन्याला. सात-बारावर नाव कोणाचं? घरधन्याचं आणि त्याच्या भावांचं.

आता मी माझ्या गोष्टीवर येते. माझं लग्न २००४ साली झालं. नवरा मुंबईला. २००८ साली सासरे गेले. काजू आणि हापूसची कलमं मी सांभाळली. आळी करणं, खत, गवत काढणं, राखण, सगळं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. आठवतंय ना? आमची नऊ कलमं मुळासकट आडवी झाली, काजू तर मोजलेच नाहीत. पंचनामा झाला. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन मी कार्यालयात गेले. कुठलं ते सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. तिथल्या माणसाने सात-बारा बघितला आणि म्हणाला, "बाई, यात तुमचं नाव कुठाय?"

नव्हतं. सात-बारावर सासरे, ते गेलेले. त्यांचे तीन भाऊ, दोघे गेलेले, एक विरारला. सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र हवं. आमच्या नवऱ्याला टाळेबंदीत येता येईना. विरारच्या चुलत सासऱ्यांचे मुलगे म्हणाले, आधी वाटणीचं बोलू, मग सही. मुदत गेली. जे गावात नाहीत त्यांची नावं कागदावर होती, आणि जिने सतरा वर्षं कलमांना पाणी घातलं ती कागदावर नव्हती. पैसे मिळाले नाहीत. मला त्या पैशांचं दुःख एक वर्षभर वाटलं. त्या प्रश्नाचं अजून वाटतं.

चुलत दिरांना मी दोष देत नाही. तेही कुठल्यातरी चाळीत भाडं भरतायत, गावची जमीन हाच त्यांचाही आधार आहे. माझा नवराही तिकडे काही मजा करत नाही. तो पैसे पाठवतो तेव्हाच माझी चूल पेटते. मुंबईला गेलेल्यांवर राग धरून आपलं काही होणार नाही. आपला प्रश्न एवढाच, की काम जिथे आहे तिथे नावही असू दे.

मग आम्ही काय केलं? २०२२ साली आधी वारस नोंद केली. सासरे जाऊन चौदा वर्षं झाली होती, कोणी केलीच नव्हती. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला, अर्ज, वारसांची नावं दिली. वारसांत मुलगे आले, तशा माझ्या दोन्ही नणंदाही आल्या आणि पहिलं नाव आलं सासूबाईंचं. खरं सांगते, नणंदांची नावं लागणार म्हटल्यावर माझ्याही पोटात कालवाकालव झाली. मग मनाशी म्हटलं, मी माझ्या माहेरी कोणाची तरी नणंदच आहे की. लागायलाच हवीत.

फेरफार मंजूर झाला, नवा सात-बारा घेऊन घरी आले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. वाचता येत नाही. म्हणाल्या, "माझं कुठलं?" मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढंसं?"

एवढंसंच असतं ते. पण पुढच्या वादळात कोणी विचारलं तर दाखवायला आहे.

माझं नाव अजून लागलेलं नाही. नवऱ्याच्या हिश्श्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. पण आधी नवऱ्याचा हिस्सा त्याच्या नावावर यावा लागतो आणि त्याची संमती लागते. तो आता हो म्हणालाय. गणपतीला आला की अर्ज करायचा ठरलाय. झालं की पुढच्या सभेत पेढे.

गावात कोण आलंय, तेही बघूया. आपली माणसं गेली म्हणून कामं थांबली नाहीत. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी जोडपी आहेत, बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणींवर आणि रस्त्याच्या कामांवर कर्नाटकातली कुटुंबं आहेत. त्यांची लेकरं आपल्या अंगणवाडीत यायला लागली तेव्हा आमच्याकडे थोडी कुरबूर झाली. "आपला खाऊ यांना का?" मी एवढंच विचारलं, की आपली माणसं मुंबईत गेली तेव्हा त्यांना कोणी काय काय म्हटलं असेल? आणि लांब कशाला जायचं? २०२० साली करोनात आपलेच चाकरमानी गावात आले तर आपणच त्यांना वेशीबाहेर शाळेत ठेवलं. भीती होती, मान्य. पण घरचा माणूस एका आजाराने परका होतो, तर परका माणूस एका भाकरीने घरचा का नाही होणार? अंगणवाडीत लेकरू आलं की आधी त्याचं वजन करायचं. गाव कुठलं ते मागाहून विचारलं तरी चालतं.

आता कामाचं बोलते. आमच्या वाडीतल्या गटाने एक केलं, ते सगळ्या गटांनी करावं असं मला वाटतं. एका बैठकीत आम्ही वाडीचा नकाशा काढला आणि घरं मोजली. चौतीस घरं. अकरा घरांना कुलूप, ती गणपतीला उघडतात. तेरा घरांत फक्त साठीच्या पुढची माणसं. उरलेली दहा घरं ज्यांत कोणी लेकरू किंवा तरुण माणूस आहे. मग उघड्या तेवीस घरांचे कागद बघितले. घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी? चार. तो दिवस आम्ही चहा न पिताच उठलो.

तर माझं मागणं चार गोष्टींचं आहे.

एक, प्रत्येक गटाने ही मोजणी करायची. कोण गेलं, कोण आलं, कोण राहिलं आणि कागदावर कोण आहे. वहीत एक पान घाला त्याचं. एकटी राहणारी म्हातारी माणसं कोणती, त्यांच्याकडे आठवड्याला कोण जाणार, हेही त्याच पानावर.

दोन, कागद. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं. रखडलेल्या वारस नोंदी करून घ्या. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हाच सह्या मिळतात, म्हणून आषाढातच कागद तयार ठेवा. मखर सजवायच्या आधी फाईल सजवा!

तीन, रेशन. अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख घरातली अठरा वर्षांपुढची सगळ्यात मोठी बाई असते. तुमच्या कार्डावर कोण आहे बघा. आणि प्राधान्य किंवा अंत्योदय कार्ड असेल तर मुंबईतला माणूस त्याच्या वाट्याचं धान्य तिथल्या दुकानातून उचलू शकतो, बाकीचं तुम्हांला इथे मिळतं. त्यासाठी सगळ्यांची ई-केवायसी झालेली हवी.

चार, जनगणना. २०२१ ची करोनामुळे राहिली. आता ती होतेय, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे. मोजणीदार दारात येईल. जो मुंबईत राहतो त्याची मोजणी मुंबईतच होऊ दे, प्रेमापोटी इथे घालू नका. नाहीतर नसलेली माणसं आपल्या गावच्या खात्यावर दिसतील. कुटुंबप्रमुख कोण असं विचारतील. घरातले ज्याला मानतील तो प्रमुख असतो, त्याला पुरुषच लागतो असं नाही. आणि तिसरा प्रश्न येईल, तुम्ही काय काम करता? तेव्हा "काय नाही, घरीच असते" हे तोंडातून काढायचं नाही. भात लावता ना? काजू गोळा करता ना? कोंबड्या, बकऱ्या, गटाचा पापड-कोकमाचा धंदा? मग सांगा, शेती करते, धंदा करते. तुम्ही "घरीच असते" म्हटलंत, तर सरकारच्या वहीत आपल्या गावात माणसं आहेत, पण काम करणारं कोणी नाही, असं दिसेल. मग रस्ता कशाला, गोदाम कशाला, दवाखाना कशाला?

सुरुवातीला म्हटलं होतं ते इथे आलं. आपण अक्षता घेऊन या गावात आलो, आणि ज्यांचं गाव होतं ते निघून गेले. आज हे गाव चालवतं कोण? ज्या आल्या आणि राहिल्या त्या. हे कोणी दुसरं येऊन लिहिणार नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत इतिवृत्तात हा विषय घ्या. मोजणीचं पान प्रभागसंघाकडे पाठवा. ज्या गटाचं पान पहिलं येईल त्यांच्या वाडीत मी स्वतः येईन, नमुना ८ चे अर्ज भरायला. चहा मात्र तुमचा.